मशीन फिरतच राहते तेव्हा: गेटवरच्या तिकीट स्कॅनरचे नेटवर्क नेमके कुठे अडते

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. नाटक कंपनी बहुतेक वेळा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची असते, प्रयोग गावच्या मंडळाने ठरवलेला असतो आणि मंडप उभा राहतो तो महिनाभरापूर्वी धान उभे असलेल्या बांधीत. मी ज्या मंडळांना तिकिटे तपासण्याची हातातली यंत्रे भाड्याने देतो, त्यांच्याकडे ती अशाच बांध्यांत, जनरेटरच्या विजेवर आणि हजारोंच्या गर्दीत चालावी लागतात. हंगामात मला येणारा फोनही जवळपास ठरलेल्या शब्दांत येतो: "भाऊ, मशीन टूं वाजून राहिली, पण हिरवी होऊनच नाही राहिली. नुसती फिरून राहिली."

या वाक्यात निम्मे निदान झालेले असते, फक्त सांगणाऱ्याला ते ठाऊक नसते. स्कॅनर दोन वेगळी कामे एकामागून एक करतो. आधी त्याचा कॅमेरा तिकिटावरचा क्यूआर कोड वाचतो आणि वाचला म्हणून आवाज करतो. त्यानंतर वाचलेला क्रमांक तो विकलेल्या तिकिटांच्या यादीपर्यंत पाठवतो, हे तिकीट खरे आहे का आणि आधी वापरले गेले आहे का असे विचारतो, आणि उत्तर आले की पडदा हिरवा किंवा लाल होतो. म्हणजे आवाज आला याचा अर्थ कॅमेरा, कोड आणि छपाई ठीक आहे, आणि पडद्यावरचे चक्र फिरते आहे याचा अर्थ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत आलेले नाही. आवाजच येत नसेल तर नेटवर्कला हात लावू नये. मध्यरात्रीनंतर काचेवर साचलेले दव, घडी पडून फाटलेला कोड किंवा प्रेक्षकाने मोबाइलच्या पडद्याचा मंद ठेवलेला उजेड, यांपैकी काहीतरी आडवे आलेले असते आणि गमछ्याच्या कोपऱ्याने काच पुसल्यावर बहुतेक वेळा काम भागते.

आवाज येतो पण उत्तर येत नाही, तेव्हा क्रमांकाचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. तो स्कॅनरमधल्या छोट्या रेडिओपासून निघतो, हवेतून राउटरपर्यंत जातो, राउटर त्याला यादी ठेवलेल्या लॅपटॉपकडे किंवा इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरकडे धाडतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेवर कुठेही खंड पडला तरी गेटवर दिसणारे चित्र तेच असते: चक्र फिरते. म्हणूनच "वायफाय गेले" हे निदान नसून केवळ तक्रार असते. राउटर, लॅपटॉप आणि स्कॅनर असे सगळेच एकदम बंद करून पुन्हा सुरू करण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मला मुळीच पसंत नाही, कारण त्यातून कधी दुरुस्ती होते पण दोष कुठे होता याची खूण पुसली जाते, आणि पाऊण तासाने तीच अडचण परत आली की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

त्याऐवजी आधी एकच प्रश्न विचारावा: किती यंत्रे अडली? एकच यंत्र अडले आणि त्याच्या शेजारचे चालू असेल, तर दोष त्या यंत्रात आहे. एका गेटवरची सगळी अडली आणि दुसऱ्या गेटवरची चालत असतील, तर अंतर, आडोसा किंवा त्या गेटचा राउटर पाहावा. सगळ्या गेटांवरची सगळी यंत्रे एकाच क्षणी थांबली, तर स्कॅनरकडे बघण्यात अर्थ नाही. राउटरची वीज, लॅपटॉप किंवा बाहेरचे इंटरनेट यांपैकीच काहीतरी गेलेले असते. हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते आणि त्याने पुढचा अर्धा तास वाचतो.

यंत्र कोणत्या जातीचे आहे हेही ठाऊक असावे, कारण सगळी बिनतारी यंत्रे वायफायवर चालत नाहीत. मोबाइलसारखा पडदा असलेले अँड्रॉइड यंत्र स्वतः वायफायला किंवा सिमकार्डाच्या डेटाला जोडले जाते. घोडा दाबून वाचणारे, पडदा नसलेले यंत्र बहुधा ब्लूटूथने शेजारच्या मोबाइलशी किंवा लॅपटॉपशी बोलते, आणि काही यंत्रे फक्त आपल्याबरोबर आलेल्या यूएसबी डोंगलशीच, म्हणजे लॅपटॉपला खोचायच्या छोट्या तुकड्याशीच, बोलतात. ब्लूटूथच्या यंत्राचा पल्ला साधारण दहा मीटर धरावा. त्याची नेहमीची खोड अशी की ते मागच्या वेळी ज्या मोबाइलशी जोडले होते त्यालाच शोधत राहते. तो मोबाइल धारकासह मंडपात नाटक बघत बसला असेल तर गेटवरच्या नव्या मोबाइलशी ते जुळत नाही. जुनी जोडणी पुसून, यंत्रासोबतच्या कागदावरचा जोडणीचा बारकोड वाचवून नव्याने जोडले की प्रश्न मिटतो. तो कागद मात्र सांभाळून ठेवावा लागतो, आणि नेमका तोच सापडत नाही.

खरा गुंता वायफायच्या यंत्रांत असतो, आणि त्यातही हवेतल्या टप्प्यात.

दोन हंगामांपूर्वी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात मी स्वतः यंत्रे बसवायला गेलो होतो. दुपारी चारला तिकीट खिडकीच्या टेबलाखाली राउटर ठेवला, म्हणजे कुणाचा धक्का लागणार नाही, आणि दोन्ही गेटांवर जाऊन तपासले. एका सेकंदात उत्तर येत होते. रात्री साडेनऊला गर्दी लोटली आणि खिडकीपासून लांबच्या गेटवर चक्र फिरू लागले. राउटर तोच, अंतर तेच आणि यंत्रेही तीच होती. बदलली होती ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे मधली माणसे. स्वस्त स्कॅनर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, आणि माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. रिकाम्या बांधीतून आरपार जाणारा सिग्नल शालीत गुरफटलेल्या पाचशे माणसांच्या भिंतीतून जाऊ शकत नाही. त्यात खिडकीभोवती आडोशाला टिनपत्रे लावलेली होती, आणि पत्र्यावर आदळलेली लहर परत फिरते. आम्ही राउटर काढून दहा फुटी बांबूच्या टोकाला बांधला, म्हणजे तो माणसांच्या डोक्यांवरून दोन्ही गेटांना थेट दिसू लागला, आणि दोन मिनिटांत रांग हलली. तेव्हापासून मी रिकाम्या मैदानातल्या चाचणीवर विश्वास ठेवत नाही.

राउटर उंचावर नेताना त्याच्या दांडीसारख्या अँटेना उभ्याच ठेवाव्यात. पुष्कळ कार्यकर्ते अँटेनाचे टोक बंदुकीसारखे गेटकडे रोखतात. पण अशा अँटेनाच्या लहरी तिच्या टोकातून नव्हे, तर कडेने चहूबाजूंना पसरतात, आणि टोकाच्या दिशेला उलट सर्वांत कमी पोचतात. राउटर मंडपाच्या लोखंडी खांबाला चिकटवून बांधणेही टाळावे.

सिग्नल किती आहे हे पडद्यावरच्या रेघांवरून नीट कळत नाही. मोबाइलवर मिळणारे वायफाय मोजण्याचे फुकट अॅप सिग्नलची ताकद उणे आकड्यात दाखवते, आणि तो आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम आणि उणे ६५ पर्यंत निर्धास्त राहावे. उणे ७५ च्या खाली गेल्यावर मात्र गर्दीत भरवसा धरू नये. हे मोजमाप आपल्या नेहमीच्या फूटपट्टीसारखे नसते: दहाचा फरक पडला की ताकद दसपट बदलते, म्हणजे उणे ७० वर पोचणारी ताकद उणे ६० च्या एक दशांशच असते. गेटवर उभे राहून, मोबाइल स्कॅनरच्या उंचीवर धरून आणि दोनचार माणसांना मध्ये उभे करून हा आकडा घ्यावा.

आकडा चांगला असूनही उत्तरे रखडत असतील तर हवेतल्या गोंगाटाचा विचार करावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ असे चॅनल वापरले जातात, पण ते एकमेकांवर इतके चढलेले असतात की १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना धक्का न लावता शेजारी चालू शकतात. गावातल्या पानठेल्याचे वायफाय, ध्वनिवाल्याचा राउटर आणि तरुणांच्या खिशातले चालू हॉटस्पॉट हे सगळे त्याच तीन वाटांवर गर्दी करतात. अॅपमध्ये कोणता चॅनल कमी भरलेला आहे ते पाहून राउटरमध्ये तो कायमचा निवडावा, आपोआप निवडीवर सोडू नये. १२ आणि १३ मोकळे दिसले तरी ते घेऊ नयेत, कारण काही यंत्रे ज्या देशांत फक्त ११ पर्यंतचे चॅनल चालतात तिथल्यासाठी बनलेली असतात. मग आपल्या मोबाइलला नेटवर्क दिसते आणि स्कॅनरला ते दिसतच नाही, आणि आपण यंत्राला दोष देत बसतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी गजबजलेला असतो, पण त्याचा पल्ला लहान असतो आणि जुन्या यंत्रांना तो समजत नाही. दोन्ही पट्टे एकाच नावाने चालवणाऱ्या राउटरमध्ये त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत.

नावाचा प्रश्न दोन राउटर लावल्यावरही येतो. दोन्ही गेटांच्या राउटरला एकच नाव दिले तर एका गेटवरून दुसऱ्यावर नेलेला स्कॅनर जुन्या राउटरचा क्षीण सिग्नल धरून ठेवतो, शेजारी चांगला असताना त्याकडे वळत नाही. मोठ्या सभागृहांत यासाठी महागडी यंत्रणा असते. बांधीत "गेट एक" आणि "गेट दोन" अशी दोन नावे पुरतात.

यानंतरचा दोष असा आहे की त्यात सिग्नल पूर्ण दिसतो, तरी यंत्र जोडले जात नाही आणि पडद्यावर "आयपी पत्ता मिळवत आहे" हे शब्द तसेच राहतात. बसस्थानकाजवळच्या सायकल स्टँडवर शंभर बिल्ले असतील तर एकशे एकावी सायकल घेता येत नाही, तसेच राउटरचेही असते. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो एक पत्ता देतो आणि त्याच्याजवळचे पत्ते मोजके असतात. शिवाय घेतलेला पत्ता मालक निघून गेला तरी लगेच मोकळा होत नाही. काही राउटर तो दोन तास, तर काही पूर्ण दिवस राखून ठेवतात. आयोजकांपैकी कुणीतरी मोठ्या मनाने वायफायचा पासवर्ड चार पाहुण्यांना सांगतो, ते चाळीसांना सांगतात, आणि दहा वाजेपर्यंत बिल्ले संपतात. बॅटरी बदलून नव्याने सुरू झालेला स्कॅनर मग दाराबाहेर राहतो. लॅपटॉप विंडोजवर चालत असेल तर त्याला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, ही याच दोषाची खूण समजावी. उपाय कठीण नाही: स्कॅनरसाठी वेगळा राउटर ठेवावा, त्याचा पासवर्ड दोघांपलीकडे जाऊ देऊ नये, आणि आधीच फुटला असेल तर तो बदलावा. बदलताना मात्र सगळ्या यंत्रांतही नवा पासवर्ड घालावा लागतो, म्हणून हे काम रांग लागण्यापूर्वी करावे.

पत्त्याचीच दुसरी बाजू लॅपटॉपची आहे. तिकिटांची यादी लॅपटॉपवर असेल तर प्रत्येक स्कॅनरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, लिहून ठेवलेला असतो. लाइन जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने लॅपटॉपला वेगळा पत्ता दिला, तर सगळे स्कॅनर जुन्या घराचे दार ठोठावत राहतात. राउटरच्या मांडणीत तो पत्ता लॅपटॉपच्या नावे राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. लॅपटॉप झोपी जाणार नाही हेही आधी पाहून घ्यावे. विंडोजने नव्या नेटवर्कला "सार्वजनिक" ठरवले असेल तर त्याची फायरवॉल बाहेरून आलेले प्रश्न आत घेत नाही. ते "खाजगी" करावे लागते. अशा वेळी वायफाय पूर्ण, लॅपटॉप चालू आणि तरी सगळी यंत्रे मुकी, असा चमत्कार दिसतो.

यादी लॅपटॉपवर असली की गेटला इंटरनेटची गरजच नसते, आणि आमच्या भागात मी याच व्यवस्थेचा आग्रह धरतो. तिच्यात एक खोच आहे. अँड्रॉइड यंत्राला वायफायमागे इंटरनेट सापडले नाही की ते सिग्नलच्या खुणेवर उद्गारचिन्ह दाखवते आणि स्वतःहून सिमकार्डाच्या डेटाकडे वळते, जिथे आपला लॅपटॉप अर्थातच नसतो. यंत्रातून सिमकार्ड काढून ठेवणे हा यावरचा सर्वांत साधा इलाज आहे.

मोबाइल डेटावर अवलंबून राहू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण गावचा टॉवर. चार रेघा भरलेल्या दिसतात पण काहीच उघडत नाही, हा अनुभव मंडईच्या दिवशी प्रत्येकाने घेतलेला असतो. रेघा टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो एवढेच सांगतात. त्याच्याकडे आपल्याला उत्तर द्यायला सवड आहे का, हे त्या सांगत नाहीत. ज्या टॉवरवर एरवी गावापुरता भार असतो, त्यावर पंचक्रोशीतले फोन आले आणि त्यातले निम्मे नायिकेच्या प्रवेशाचे चित्रण पाठवू लागले, की स्कॅनरचा इवलासा प्रश्नही रांगेत अडकतो.

एकच यंत्र अडते त्या प्रकारातला एक दोष मला आजही लाजवतो. हंगामाचा पहिलाच प्रयोग होता. होळीनंतर पेटीत ठेवलेली यंत्रे आदल्या रात्री चार्ज केली होती. पाचांपैकी चार चालू, पाचवे "सर्व्हरशी संपर्क होत नाही" एवढेच सांगत होते. त्या प्रयोगाची यादी इंटरनेटवर होती. मी पासवर्ड पुन्हा घातला, यंत्र राउटरखाली नेऊन उभा राहिलो, अॅप काढून परत टाकले. शेवटी चहा आणून देणाऱ्या मुलाने पडद्याकडे बघत विचारले, "भाऊ, यात जानेवारी कावून दाखवते?" बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. सुरक्षित जोडणी करताना यंत्र सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासते, त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि यंत्राच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नव्हते. तारीख नीट केली आणि पहिल्याच तिकिटाला पडदा हिरवा झाला. आता मी यंत्र हातात घेतल्यावर सिग्नलच्या आधी तारीख बघतो.

एकट्या यंत्राचे आणखी दोन दोष थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. राउटरमध्ये ठरावीक यंत्रांनाच आत घेण्याची यादी केली असेल, तर अँड्रॉइड १० पासून पुढची यंत्रे नेटवर्कला आपली खरी ओळख न देता बदललेली ओळख देतात, म्हणून ती बाहेर राहतात. त्या नेटवर्कसाठी खरी ओळख वापरण्याचा पर्याय निवडावा. आणि नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षेवर लावलेला असेल तर जुना स्कॅनर पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. डब्ल्यूपीए२ ठेवल्यास दोघांचे जमते.

सगळीच यंत्रे अधूनमधून एकदम थांबत असतील आणि दीडदोन मिनिटांनी आपोआप चालू होत असतील, तर ती वेळ लिहून ठेवावी आणि त्या क्षणी रंगमंचावर काय चालू होते ते विचारावे. हॅलोजन एकदम पेटले किंवा ध्वनियंत्रणेने जोर धरला की जनरेटरचा दाब क्षणभर खाली येतो, दिवे फक्त डोळा मिचकावतात, पण बारा व्होल्टवर चालणारा राउटर तेवढ्यात बंद पडून नव्याने सुरू होतो. राउटरला जोडायचा छोटा बॅटरी यूपीएस बाजारात मिळतो आणि त्यावर तो काही तास आरामात चालतो. मंडपाच्या खर्चात ही रक्कम दिसतही नाही, तरी ती टाळली जाते.

एवढे करूनही जोडणी जाऊ शकते, म्हणून अॅपमध्ये ऑफलाइन तपासणीची सोय असेल तर सायंकाळीच सगळी यादी प्रत्येक यंत्रात उतरवून घ्यावी. मात्र ऑफलाइन असताना एका गेटवर वापरलेले तिकीट दुसऱ्या गेटच्या यंत्राला कळत नाही, आणि एकाच तिकिटाचा फोटो घेऊन दोन गेटांवर दोघे आले तर दोघेही आत जातात. यासाठी खुर्चीची तिकिटे एका गेटवर आणि भारतीय बैठकीची दुसऱ्यावर अशी वाटणी आधीच छापून ठेवावी, म्हणजे प्रत्येक तिकीट एकाच गेटच्या यंत्रांपुढे येते. त्या गेटवर ऑफलाइन काम करणारे यंत्र एकच ठेवावे.

आणि रांग वीस फुटांपलीकडे गेली तर दुरुस्ती करणाऱ्याने बाजूला व्हावे आणि गेटवरच्या मुलांनी तिकिटाचा कोड असलेला तुकडा फाडून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायला सुरुवात करावी. मोबाइलवर तिकीट दाखवणाऱ्याचे शेवटचे चार आकडे वहीत घ्यावेत. दुसरा अंक सुरू झाला की गेट शांत होते. तेव्हा शेकोटीशेजारी बसून डब्यातले तुकडे एकेक करून यंत्राला दाखवायचे, वहीतले आकडे हाताने भरायचे, आणि जो तुकडा लाल होईल तो वेगळा ठेवायचा.